‘गो’चं ‘वेंट’ का होतं?

इंग्रजी शिकताना ‘वॉक–वॉक्ड’ पटकन जमतं आणि ‘गो’पाशी गाडी अडते. ‘गो’ आणि ‘वेंट’ यांचं एकही अक्षर जुळत नाही. जुळणार कसं? ‘वेंट’ मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप, ‘सेंड’चं ‘सेंट’ होतं तसं. पुढे ‘गो’चं स्वतःचं जुनं रूप मागे पडलं आणि तिथे ‘वेंट’ येऊन बसलं.

विचित्र वाटतंय? मग आपलं ‘जाणे’ आणि ‘गेला’ शेजारी ठेवून पाहा. ‘जाणे’ हे संस्कृत ‘या’ धातूवरून आलं, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. तेही दोन वेगळे धातू, आणि आपल्याला कधी खटकलं नाही! ‘केला’मध्ये ‘कृत’ आहे, ‘मेला’मध्ये ‘मृत’. अनियमित म्हणतो ती रूपं बहुतेकदा जुन्या नियमांचे अवशेष असतात. ‘सिंग–सँग–संग’मधला स्वरबदल तर इंग्रजीहूनही जुना, जर्मनमध्येही तो जवळपास तसाच सापडतो. ‘-एड’ लावायची पद्धत त्यामानाने नवी.

मग ही जुनी रूपं टिकली कशी? रोजच्या वापराने. 2007 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं संशोधकांनी तपासली. त्यांपैकी आज 98च अनियमित उरली आहेत. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमित होतं, असा त्यांचा हिशेब. ‘हेल्प’चं ‘होल्प’ गेलं, ‘हेल्प्ड’ आलं. उलट ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘से’, ‘गो’ ही सतत तोंडात असतात, म्हणून त्यांची वाकडी रूपंही विसरायला सवड मिळत नाही. इंग्रजी बोलणारी लहान मुलं आधी ऐकून ‘वेंट’ म्हणतात, मग मध्येच ‘गो’ला ‘-एड’ जोडू लागतात. मला ही चूक फार मोलाची वाटते. असं रूप त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. नियम त्यांनी स्वतः शोधलेला असतो.

म्हणूनच नुसती यादी घोकण्यापेक्षा ही रूपं वाक्यात, क्रियापदांच्या साखळीत पाहावीत. ‘आय डिड नॉट वेंट’ ही आपल्याकडून हमखास होणारी चूक. ‘डिड’ने भूतकाळ आधीच उचललेला असतो, त्यामुळे पुढे साधं ‘गो’ पुरतं. साखळीत काळ दाखवण्याचं काम पहिल्या शब्दाचं. नंतरच्या प्रत्येकाचं रूप त्याच्या आधीचा शब्द ठरवतो. ‘शी हॅज बीन सिंगिंग’ घ्या. ‘हॅव’ला पुढे तिसरं रूप लागतं म्हणून ‘बीन’, आणि ‘बी’ला ‘-इंग’ लागतं म्हणून ‘सिंगिंग’. हेच वाक्य भूतकाळात न्यायचं तर फक्त ‘हॅज’चं ‘हॅड’ करायचं. पुढचे दोघे जागचे हलत नाहीत.