कांदोळीसमोरचा गुदमरलेला समुद्र

सप्टेंबरात गोव्यातल्या कांदोळीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्र नेहमीसारखाच वाटतो. पण थोडं आत, तळाजवळच्या पाण्यात, त्या दिवसांत प्राणवायू जवळपास संपलेला असतो.

पावसाळ्यात खोल अरबी समुद्रातलं थंड, मुळातच कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं. त्याच्यावर पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं पसरतं, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. वर वाढलेलं शेवाळ मरून तळाशी पडतं आणि ते कुजवताना जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मग ते श्वासासाठी नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं नायट्रोजन आणि प्राणवायूचं संयुग, वापरू लागतात. या उलाढालीत मधल्या टप्प्यावर नायट्रस ऑक्साइड सुटतो. वजनाला वजन धरलं, तर शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता धरून ठेवतो.

हे आपल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली जगापुढे मांडलं. पाणी वर चढणं नैसर्गिक, पुरातन आहे. पण शेतातल्या खतांचं नायट्रोजन वाहून समुद्रात येतं आणि त्यामुळे ही गुदमर वाढत असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण हरितगृह वायू म्हटलं की आपल्याला फक्त धुराडी आठवतात.

धुराडी अर्थातच मुख्य दोषी आहेत. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. त्याची काळी भुकटी वास्कोतल्या लोकांना घरात दिसते, पण तो जळल्यावर निघणारा वायू कुणालाच दिसत नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 रेणू होते, आज ते 420च्या वर आहेत. हा वाढीव कार्बन जमिनीखालचाच, हे कशावरून? कोळसा कोट्यवधी वर्षं गाडलेला असतो, त्यामुळे त्यातला कार्बन-14, म्हणजे काळाबरोबर आपोआप घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, कधीच संपलेला असतो. अणुचाचण्या सुरू होण्याआधीच हवेतलं कार्बन-14चं प्रमाण घटू लागलं होतं, म्हणजे जुना कार्बन त्यात मिसळत होता.

आणि समुद्र तापला की पाण्यात प्राणवायू आणखी कमी विरघळतो.

पावसाळा सरला की प्रवाह उलटतात, कांदोळीच्या तळाशी प्राणवायू परततो. हवेत गेलेला नायट्रस ऑक्साइड मात्र सरासरी शंभरेक वर्षं तिथेच राहतो.