रजनीशपुरम

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात १९८१ साली वसलेली आणि १९८५ अखेर मोडलेली वसाहत. आधी आचार्य, मग भगवान आणि अखेरच्या काळात ओशो म्हणून ओळखले गेलेले रजनीश (१९३१–१९९०) यांच्या पंथाचे हे चार वर्षे मुख्य ठाणे होते. रोल्स-रॉइस, भगवी-लाल वस्त्रे आणि सॅलडमध्ये कालवलेले जंतू या तीन गोष्टींमुळे ते जगाच्या लक्षात राहिले. भांडणाची सुरुवात मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही तलाठ्याला कळेल अशा प्रश्नावरून झाली: शेतजमिनीवर गाव वसवायचे, तर बिगरशेती परवानगी कुठे आहे?

हा प्रश्न पंथाला नवा नव्हता. १९७४ पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात आश्रम होता. परदेशी संन्याशांची (म्हणजे दीक्षा घेतलेल्या अनुयायांची) गर्दी वाढली, बंगले अपुरे पडू लागले, तेव्हा सासवड परिसरात आणि कच्छमध्ये मोठी वसाहत करण्याचे बेत झाले. सरकारी परवानग्यांअभावी ते तडीस गेले नाहीत. करसवलतीचा वाद पेटला होता, १९८० मध्ये प्रवचनात रजनीशांवर सुरा फेकला गेला, आणि त्यांची पाठदुखी व दमा बळावला होता. १९८१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर मौन धरले आणि १ जूनला ते अमेरिकेला निघाले. व्हिसा उपचारासाठीचा होता. पुढे हाच मुद्दा अंगाशी आला. कारभाराची सूत्रे आधीच्या सचिव लक्ष्मी यांच्याकडून मूळच्या बडोद्याच्या मा आनंद शीला यांच्याकडे गेली.

शीलांनी ‘बिग मडी रँच’ हे सुमारे ६४,००० एकरांचे पशुपालनाचे रान ५७.५ लाख डॉलरना घेतले. गुराढोरांच्या अतिचराईने उघडे पडलेले डोंगर, सेजची झुडपे, ज्युनिपरची खुरटी झाडे, खाली जॉन डे नदीचे खोरे. सर्वांत जवळचे गाव अँटिलोप, तेही सुमारे ३० किलोमीटरवर आणि वस्ती पन्नासच्या आत. शेजाऱ्यांना सांगितले गेले की इथे छोटी शेतकरी वस्ती होणार आहे.

प्रत्यक्षात काय झाले, याबद्दल पंथाच्या कट्टर विरोधकालाही दाद द्यावी लागते. कृष्णमूर्तींच्या नावाचा तलाव, विमानांची धावपट्टी, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, बसव्यवस्था, भाजीपाल्याचे मळे, दुभती गुरे, मॅग्डालेना नावाचे प्रचंड भोजनगृह, सुमारे दोन एकरांवर पसरलेले रजनीश मंदिर. स्वतंत्र टपाल कार्यालयही मिळाले. वैद्य, वास्तुविशारद, वकील, मानसशास्त्रज्ञ असे शिकलेले युरोपीय-अमेरिकन लोक इथे बिनपगारी बारा-बारा तास राबत. कामाला काम म्हणायचे नाही, ‘उपासना’ म्हणायचे. कामाआधी गुडघे टेकून ‘बुद्धं शरणं गच्छामि’ म्हटले जाई. आपल्याकडे बुद्धविहारातल्या वंदनेतून घुमणारे हे शब्द तिथे हयात गुरूला उद्देशून होते, हा फरक लहान नाही. कायम रहिवासी अडीच हजारांच्या आसपास, जुलैच्या उत्सवाला मात्र पंधरा हजारांपर्यंत जमाव जमे.

रोज दुपारी गुरूची गाडी निघे. रस्त्याच्या कडेला गळ्यात १०८ मण्यांची माळ आणि तिच्यात गुरूच्या चित्राचे लॉकेट घातलेली माणसे हात जोडून ओळीने उभी. रोल्स-रॉइस पायी चालणाऱ्याच्या गतीने सरके, काचेआडून रजनीश हसत, एखाद्या समूहापाशी हात हलवून गाण्याचा ठेका वाढवत, आणि गाडी पुढे जाई. मौनाच्या काळात बहुतेकांना गुरूचे दर्शन होई ते एवढेच. अशा गाड्या शेवटी ९३ झाल्या.

मुख्य पेच जमिनीचा. ओरेगनने १९७३ मध्येच कडक भूवापर कायदा केला होता. शेतीसाठी राखलेल्या पट्ट्यात कारखाने, कार्यालये, दाट घरे नाहीत. पंथाने तोड काढली ती अशी की रानातच कायदेशीर शहर स्थापायचे. शहराच्या हद्दीत नागरी बांधकाम चालते. मे १९८२ मध्ये रजनीशपुरम शहर म्हणून नोंदले गेले. ‘१००० फ्रेंड्स ऑफ ओरेगन’ या भूवापर कायद्याची पाठराखण करणाऱ्या संस्थेने त्याला लगेच आव्हान दिले. ऑक्टोबर १९८३ मध्ये राज्याचे महाधिवक्ता डेव्ह फ्रोनमायर यांनी त्याहून धारदार मुद्दा काढला. जिथली जवळपास सगळी जमीन एका धर्मसंस्थेच्या कंपन्यांची आहे, जिथे कोणी राहायचे हे तीच ठरवते, ते शहर म्हणजे धर्मसंस्थाच. त्याला सरकारी निधी आणि अधिकार दिले तर धर्म आणि राज्य वेगळे ठेवण्याचे घटनेतले तत्त्व मोडते. फेडरल न्यायालयाने हे मान्य केले, पण १९८५ च्या अखेरीस. तोवर शहर रिकामे होत आले होते.

शहराची नोंद टिकेल याची खात्री नसल्याने पंथाने अँटिलोपमध्येही घरे घेतली. गावकऱ्यांनी एप्रिल १९८२ मध्ये गावाचा नगर-दर्जाच विसर्जित करण्यासाठी मतदान घेतले, पण नव्या मतदारांमुळे ठराव ५५ विरुद्ध ४२ असा पडला. मग नगरपरिषद संन्याशांकडे गेली, शाळाही गेली, आणि १९८४ मध्ये गावाचे नाव ‘रजनीश’ झाले. विरोधकांकडे वांशिक आणि धार्मिक द्वेष होताच. १९८३ मध्ये पोर्टलंडमधल्या पंथाच्या हॉटेलात बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर वसाहतीच्या ‘पीस फोर्स’ या पोलीस दलाच्या हाती उझी बंदुका दिसू लागल्या. पण निवृत्त म्हाताऱ्यांचे एक गाव मतांच्या जोरावर गिळले, हे केवळ पूर्वग्रहाच्या खात्यावर टाकता येत नाही.

१९८४ च्या नोव्हेंबरात काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) आयुक्तांच्या तीनपैकी दोन जागांची निवडणूक होती. त्या जागा हातात आल्या की परवानग्याही हातात. त्यासाठी देशभरातल्या शहरांतून हजारो बेघरांना बसगाड्यांनी ‘शेअर-अ-होम’ योजनेखाली आणले गेले. काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी नवी मतदारनोंदणी रोखली आणि बेत फसला. मग यातल्या कितीतरी जणांना परतीच्या भाड्याविना आसपासच्या गावांत सोडून देण्यात आले.

दुसरा बेत याच काळात चालू होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काउंटीचे मुख्य गाव द डॅल्स इथल्या दहा रेस्टॉरंटांच्या सॅलड बारवर शीलांच्या आतल्या गोटातली माणसे साध्या वेशात गेली आणि साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचे तपकिरी पाणी सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये ओतून आली. आपसात ते त्याला ‘साल्सा’ म्हणत. ७५१ लोक आजारी पडले, ४५ रुग्णालयात गेले. मृत्यू झाला नाही. मतदानाच्या दिवशी मतदार अंथरुणाला खिळवता येतील का, याची ही रंगीत तालीम होती. सरकारी तपासात आधी दोष आला तो रेस्टॉरंटच्या नोकरांच्या हातांवर. वसाहतीतल्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडायला पुढचे वर्ष उजाडले.

१४ सप्टेंबर १९८५ ला शीला साथीदारांसह युरोपला निघून गेल्या. दोनच दिवसांनी, वर्षभरापूर्वी मौन सोडलेल्या रजनीशांनी विषप्रयोग, खुनाचे कट आणि चोरून संभाषणे ऐकणे असे आरोप त्यांच्यावर जाहीरपणे केले. गुरूला यातले काय काय ठाऊक होते, यावर अनुयायांचे आणि टीकाकारांचे आजही जमत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस रजनीशांना नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट विमानतळावर अटक झाली. विषप्रयोगाचा आरोप त्यांच्यावर कधी ठेवला गेला नाही. व्हिसा आणि खोट्या लग्नांसंबंधीच्या दोन आरोपांवर तडजोड होऊन ४ लाख डॉलर दंड, स्थगित शिक्षा आणि देश सोडण्याची अट पडली. शीलांनी १९८६ मध्ये गुन्हे कबूल केले. २० वर्षांच्या शिक्षेपैकी सुमारे २९ महिने भोगून त्या सुटल्या. रजनीश बऱ्याच देशांत फिरून १९८७ च्या जानेवारीत पुन्हा कोरेगाव पार्कातच आले. पुण्यातली जुनी माणसे ज्याला अजून ‘रजनीश आश्रम’ म्हणतात, त्याचा हा दुसरा काळ.

रान पुढे मोन्टॅनातले उद्योगपती डेनिस वॉशिंग्टन यांनी घेतले आणि नंतर ‘यंग लाइफ’ या ख्रिस्ती युवक संस्थेला दिले. तिथे आता मुलांची शिबिरे भरतात. जुन्या मंदिराचा सांगाडा क्रीडागृह झाला आहे. अँटिलोपने आपले नाव नोव्हेंबर १९८५ मध्येच परत घेतले. गावच्या टपाल कार्यालयासमोर ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी एक छोटी पाटी आहे. टिकून राहिलेल्या आणि विरोध केलेल्या गावकऱ्यांना ती अर्पण केलेली आहे, आणि त्या चार वर्षांना तिच्यावर शब्द आहेत ‘आक्रमण’ आणि ‘कब्जा’.