टेदरसाठी लॅन केबल: सॉलिड की स्ट्रँडेड?

घरी बांधलेल्या पाण्याखालच्या रोबोला काठाशी जोडणारी केबल, म्हणजेच टेदर, निवडताना बहुतेकांचे लक्ष प्रथम लॅन केबलकडे जाते आणि त्यात गैर काही नाही. पाण्यात रेडिओलहरी फार लांब पोहोचत नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्याचे चित्र वर आणायचे आणि मोटारींना आज्ञा खाली पाठवायच्या, तर तार हवीच. चार पिळलेल्या जोड्यांची कॅट-५ई केबल त्यासाठी सोयीची असून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती कोणत्याही दुकानात मिळते. घोटाळा होतो तो पुढे, कारण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या केबली विकल्या जातात. दोन्हींचे वेष्टन सारखे, आतल्या आठ तारांचे रंगही तेच. मात्र एकीतील प्रत्येक तार तांब्याची एकसंध तार असते, तर दुसरीत केसासारख्या बारीक, बहुधा सात, तारांचा पीळ असतो. पहिलीला सॉलिड म्हणतात, दुसरीला स्ट्रँडेड.

३०५ मीटरच्या खोक्यातून कापून मिळणारी केबल जवळजवळ नेहमी सॉलिड असते. इमारतीतील जाळ्याच्या प्रचलित मानकात १०० मीटरच्या मर्यादेपैकी ९० मीटर भिंतीतून कायमची टाकलेली सॉलिड केबल आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या स्ट्रँडेड पॅच कॉर्डचे (म्हणजे प्लग लावलेल्या आखूड जोडकेबलींचे), असा हिशेब धरलेला आहे, कारण स्ट्रँडेड केबलमध्ये सिग्नल थोडा अधिक क्षीण होतो. विहिरीत किंवा शेततळ्यात वापरायच्या २०-३० मीटरच्या टेदरला हा फरक जाणवतही नाही. सॉलिडचा मोठा गुण असा इथे निरुपयोगी ठरतो.

तिचा दोष मात्र इथेच नडतो. भिंतीतली केबल एकदा टाकली की हलत नाही. टेदर प्रत्येक वेळी गुंडाळला जातो, उलगडला जातो, काठाच्या दगडावरून घासत ओढला जातो. सळ्या बांधायची तार गवंडी पुढे-मागे वाकवून तोडतो, त्याच कारणाने सॉलिड तांबेही वाकवून वाकवून कडक होते आणि शेवटी तडकते. वरचे प्लास्टिक शाबूत राहते आणि तडकलेली टोके एकमेकांना टेकून असल्यामुळे संपर्क येतो-जातो: रोबो उजवीकडे वळला की चित्र गायब, डावीकडे वळला की परत. असा दोष शोधणे हे अतिशय वैतागाचे काम आहे. शिवाय सॉलिड केबल गुंडाळीचा आकार सोडत नाही. दोन-तीन किलोच्या रोबोला तिचा ताठरपणा सतत एका बाजूला ढकलत राहतो. म्हणून हलत्या टेदरसाठी माझे मत निःशंकपणे स्ट्रँडेडच्या बाजूने आहे. विहिरीत एकदा सोडून तिथेच ठेवायच्या कॅमेऱ्याला मात्र सॉलिड खुशाल वापरावी.

ओळखायचे कसे? वेष्टनावर कधी तसे छापलेले असते, पण खात्रीचा उपाय म्हणजे टोक कापून पाहणे: एकच चकचकीत ठिपका दिसला तर सॉलिड, बारीक ठिपक्यांचा पुंजका दिसला तर स्ट्रँडेड. त्याच वेळी तारेला ब्लेडने हलकेच खरवडून पाहावे. आत पांढरी धातू दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि खाऱ्या पाण्यात ते झपाट्याने खराब होते, तेव्हा कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. केबलच्या टोकाला लावायचा आरजे-४५ प्लगसुद्धा केबलच्या जातीनुसार घ्यावा, कारण स्ट्रँडेडच्या प्लगची पाती पिळात घुसते, तर सॉलिडच्या प्लगची पाती तारेला दोन्ही बाजूंनी कवटाळते.

जाडी सारखी असेल तर रोध दोन्हींचा जवळपास सारखाच: २४ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे अमेरिकी माप; आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याचा १०० मीटरला सुमारे ८.४ ओहम. पण तयार मिळणाऱ्या अनेक पॅच कॉर्ड २६ एडब्ल्यूजीच्या असतात आणि तिथे हा आकडा १३.४ होतो. सिग्नलला याने बिघडत नाही. बॅटरी काठावर ठेवून मोटारी याच तारांवर चालवायच्या असतील, तर बिघडते. अमेरिकेतील सीपर्च या शालेय रोबोत तशीच रचना असते: १२ व्होल्टची बॅटरी वर आणि प्रत्येक मोटारीला लॅन केबलची एक जोडी. १५ मीटरच्या टेदरमध्ये जाऊन-येऊन ३० मीटर तार लागते. २४ एडब्ल्यूजीत तिचा रोध सुमारे अडीच ओहम भरतो आणि २ अँपिअर प्रवाहाला ५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. २६ एडब्ल्यूजीत ८ पडतील. छोट्या मोटारींना हे निभते. मोठ्यांसाठी २.५ चौरस मिलिमीटरची लवचिक तार वेगळी टाकावी, नाहीतर ब्लूआरओव्ही-२ या बाजारात मिळणाऱ्या पाणरोबोप्रमाणे बॅटरी रोबोतच बसवून टेदरवर फक्त सिग्नल ठेवावा.

स्ट्रँडेडची खरी अडचण पाण्याची आहे. वेष्टनाला कुठे बारीकशी चीर पडली, तर पाणी केबलमधल्या पोकळीतून पुढे सरकते. हे सॉलिडमध्येही होते. स्ट्रँडेडमध्ये मात्र ते पिळातल्या सूक्ष्म फटींतूनही चढते आणि थेट रोबोच्या बंद डब्यात उतरते. म्हणून डब्याच्या तोंडाशी बाहेरचे वेष्टन काढून आठही तारा सुट्या कराव्यात, प्रत्येकीचे प्लास्टिक सेंटिमीटरभर सोलावे, उघड्या पिळात डाख पूर्ण झिरपू द्यावा आणि तारा एकमेकींना टेकणार नाहीत अशा धरून तो सगळा भाग इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) बुडवावा. डाख दिलेली जागा ताठ होते, त्यामुळे ती इपॉक्सीच्या आतच राहिली पाहिजे. बाहेर आली, तर स्ट्रँडेड तारही नेमकी तिथेच तुटते. ओढ तांब्यावर येऊ नये म्हणून केबलसोबत नायलॉनची दोरी बांधावी, तीही केबलपेक्षा किंचित आखूड.