मार्शल प्रोटोकॉलमधली औषधं आली कुठून?

खिडक्यांचे पडदे ओढलेले, घरातसुद्धा डोळ्यांवर काळा चष्मा, दर सहा-आठ तासांनी रक्तदाबाची एक गोळी आणि दिवसाआड अँटिबायोटिकचा छोटासा डोस. सार्कॉइडोसिस या शरीरात गाठी तयार होणाऱ्या आजारासाठी सुरू झालेला आणि पुढे ल्युपस, संधिवात, सततचा थकवा अशा जुनाट आजारांपर्यंत पोहोचलेला मार्शल प्रोटोकॉल हा असा असतो. यातलं एकही औषध त्यासाठी म्हणून तयार झालेलं नाही.

सगळ्यात जुना धागा अँटिबायोटिकचा. १९३५ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एमी क्लीनेबर्गर यांना पेशीभित्ती नसलेले जिवाणू आढळले. संस्थेच्या आद्याक्षरावरून त्यांना 'एल-फॉर्म' म्हणतात. भित्तीच नसल्यामुळे पेनिसिलिनला घाव घालायला जागा उरत नाही. पुढे अमेरिकेत थॉमस मॅकफर्सन ब्राउन हे डॉक्टर संधिवाताच्या मुळाशी मायकोप्लाझ्मा हा असाच बिनभिंतीचा जंतू असावा, असं मांडू लागले आणि रुग्णांना टेट्रासायक्लीन गटातली औषधं देऊ लागले. या गटातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये जाहीर झालं. मातीच्या नमुन्यातून ते बेंजामिन डग्गर यांनी शोधलं, तेव्हा लेडर्ली प्रयोगशाळेतलं संशोधन आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चालत होतं.

पण त्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं. जेमतेम हालचाल करू शकणारी ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये नोबेल मिळालं आणि जंतूंची कल्पना मागे पडली. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, हे नंतर कळत गेलं. त्याने पोळलेले लोकच पुढे दुसऱ्या वाटा शोधू लागले, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

१९९५ मध्ये ब्राउन यांच्या वाटेची नीट परीक्षा झाली. २१९ रुग्ण, ४८ आठवडे. टेट्रासायक्लीन गटातलंच मिनोसायक्लीन घेणाऱ्या ५४ टक्के रुग्णांच्या सांध्यांची सूज उतरली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांची. म्हणजे औषध थोडं लागू पडलं, हे खरं. पण म्हणून जंतू सिद्ध होत नाही. टेट्रासायक्लीनमुळे कोलॅजन (सांध्यांतलं, ऊतींतलं बळकटी देणारं प्रथिन) कुरतडणारी एन्झाइम्स मंदावतात, हे १९८३ मध्येच दिसलं होतं. सूज त्यामुळेही उतरू शकते. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि नेमकी तीच सांगितली जात नाही.

२००० नंतर ट्रेव्हर मार्शल यांनी हे धागे एकत्र बांधले. ते इंजिनिअर, आणि स्वतः सार्कॉइडोसिसचे रुग्ण. लपलेले जंतू ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर (पेशीतला तो ओळखणारा ग्राहक) निकामी करतात आणि ओल्मेसार्टन तो पुन्हा जागा करतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रक्तदाबाचं हे औषध दिवसाला कमाल ४० मिलिग्रॅमऐवजी दर सहा-आठ तासांनी ४०, आणि ऊन व ड जीवनसत्त्व बंद. सार्कॉइडोसिसच्या गाठी ड जीवनसत्त्व भलतंच सक्रिय करतात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतात, हे मान्य झालेलं आहे. पण इतर आजारांना तोच नियम लावायला भक्कम आधार नाही.

उरला तो 'हर्क्स', म्हणजे उपचार सुरू झाल्यावर वाढणाऱ्या त्रासाला प्रोटोकॉलमध्ये दिलेलं नाव. यारिश (१८९५) आणि हर्क्सहायमर (१९०२) यांनी सिफिलिसच्या रुग्णांना उपचार सुरू होताच ताप चढतो, पुरळ लालभडक होतं, हे नोंदवलं. ते सारं साधारण दिवसभरात ओसरतं. प्रोटोकॉलमध्ये मात्र महिनोन् महिने त्रास वाढला तरी तो जंतू मरत असल्याचा पुरावा समजला जातो.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ओल्मेसार्टनबद्दल इशारा दिला: काही रुग्णांना औषध सुरू केल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, न थांबणारे जुलाब लागतात आणि वजन झपाट्याने उतरतं. औषध बंद केलं की प्रकृती सुधारते. त्रासाला 'हर्क्स' समजून गोळी चालू ठेवणाऱ्या माणसाला हे कळायचं कसं?