गोरेपणाचा धंदा आणि किशोरवयीन मुलांचं मन : पार्श्वभूमी

किशोरवयीन मुलं आपल्या शरीरावर नाराज का असतात, याची चर्चा आता बहुतेक वेळा मोबाईलपासून सुरू होते. भारतात तरी ती रंगापासून सुरू व्हायला हवी. लग्नाच्या जाहिरातीतली ‘गोरी, सडपातळ’ वधू वाचकांना नव्याने सांगायला नको. तिच्या जोडीला १९७५ मध्ये गोरेपणाचं क्रीम बाजारात आलं, आणि नाराजीवर दुकानात विकत मिळणारा उपाय तयार झाला.

पुढे टीव्ही घरोघरी गेला तशी जाहिरातीची गोष्टही ठरून गेली. सावळ्या मुलीला नकार मिळतो, मग क्रीम, मग नोकरी किंवा नवरा. एका जाहिरातीत तर बाप मुलगा नसल्याचा उसासा टाकतो आणि मुलगी गोरी होऊन हवाई सुंदरीची नोकरी मिळवते. महिला संघटनांनी पाठपुरावा केल्यावर २००३ मध्ये ती बंद झाली. दोनच वर्षांनी पुरुषांसाठीचं क्रीम आलं आणि मुलगेही या हिशेबात धरले गेले. सावळी व्यक्ती दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असा नियम जाहिरात व्यवसायाने स्वतःला घालून घेतला तो थेट २०१४ मध्ये. तोवर एक अख्खी पिढी त्या जाहिराती बघत मोठी झाली होती.

खरा वाद २०२० चा. त्या फेब्रुवारीत केंद्राने १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात बदल सुचवणारा मसुदा काढला. गोरेपणाचा दावा निषिद्ध यादीत, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. मे महिन्यात अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. जूनमध्ये एका विवाह संकेतस्थळाने त्वचेच्या रंगावरून स्थळं चाळण्याची सोय काढली, एका कंपनीने अशी उत्पादनंच थांबवली, आणि सर्वांत मोठ्या कंपनीने क्रीमच्या नावातलं ‘गोरेपण’ काढायचं जाहीर केलं; जुलैच्या सुरुवातीला तिथे ‘तेज’ आणलं. कंपनीचं म्हणणं असं की वेष्टनावरचे दोन चेहरे आणि रंगाची पट्टी २०१९ मध्येच काढली होती, नाव बदलणं ही पुढची पायरी. टीकाकार म्हणाले, गिऱ्हाईक तेच, अपेक्षाही तीच. शब्द गेला हे चांगलंच झालं. पण ४५ वर्षं ज्या मुलींना ‘तुझ्यात कमी आहे’ असं सांगितलं, त्यांच्यापुढे चुकीची कबुली कुणी दिली नाही, आणि ती द्यायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं.

याच आठवड्यांत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २९ जूनला एका चिनी व्हिडिओ अ‍ॅपवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात छोटे व्हिडिओ सुरू केले. शाळा बंद, मुलं घरात, हातात फोन. ‘सौंदर्य’ फिल्टर त्वचा नितळ करतो, अनेकदा उजळही करतो, नाक-जबडा बारीक करतो. जाहिरातीतला चेहरा निदान परका होता. इथे मुलगी स्वतःच्याच ‘सुधारलेल्या’ चेहऱ्याशी तुलना करते आणि आरशापुढे हरते.

२०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं फुटली. शरीराबद्दल वाईट वाटत असताना हे अ‍ॅप ते आणखी वाढवतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यात होती. आकड्यांचा अर्थ चुकीचा लावला, असं कंपनीचं उत्तर. मात्र शरीराविषयीची नाराजी पुढच्या नैराश्याची आणि खाण्याच्या विकारांची पूर्वसूचना ठरते, हे दीर्घकालीन अभ्यासांत याआधीच दिसलं होतं. भारतात त्यात त्वचेच्या इजेची भर पडते. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेली स्टेरॉइडची मलमं चेहऱ्यावर चोळून त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं. २०१८ मध्ये अशा मलमांवर चिठ्ठीचं बंधन कडक झालं. चेहरा बिघडला की मुलं फोटो टाळतात, मग समारंभ, मग शाळा.

आपल्या व्यवस्थेत या तक्रारीला धड खातं नाही. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर कार्यक्रमात पोषण आणि मानसिक आरोग्य दोन्ही आहेत, पण पोषणाचा भर लोहाच्या गोळ्यांवर. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. ‘मी काळी आहे, जाडी आहे’ म्हणून जेवण सोडणारी, पण अजून विकाराच्या व्याख्येत न बसणारी मुलगी या आकड्यात नाही. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई करणारी तरतूद आहे. फिल्टर ही जाहिरात नाही, त्यामुळे तो या मनाईत बसत नाही.