७५ टक्के, पण कशाचे?

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या धिम्या होतात आणि पेट्रोलमन कटिंगमधून (डोंगर कापून काढलेल्या वाटेतून) पायी गस्त घालतात. जांभ्याचा घट्ट कातळ बहुधा उभाच राहतो. धास्ती असते ती पाणी पिऊन फुगलेल्या मातीची. मानेतल्या धमनीतल्या अडथळ्याचंही तसंच आहे.

कणकवलीच्या मामांचा डावा हात एका सकाळी लुळा पडला आणि दहा मिनिटांत पुन्हा हलू लागला. ‘वारं लागलं असेल’ म्हणून कुणी घरी बसलं नाही, हे नशीब. असा झटका हा पुढच्या मोठ्या स्ट्रोकचा इशारा असतो. डॉप्लर सोनोग्राफीत मानेतली, मेंदूला रक्त नेणारी उजवी कॅरोटिड धमनी ७५ टक्के अरुंद निघाली आणि घरभर तोच आकडा घुमू लागला.

आकडा महत्त्वाचा आहेच. १९९१च्या ‘नॅसेट’ अभ्यासात लक्षणं दिसलेल्या आणि धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असलेल्या रुग्णांपैकी नुसत्या औषधांवर २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्क्यांना. पण वाट किती उरली एवढंच तो आकडा सांगतो. ती अडवणारा प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेला थर, कशाचा, हे स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) घालताना फार मोलाचं ठरतं. तार त्याच प्लाकमधून जाते, मग फुगा आणि जाळी त्याच्यावरच दाबली जाते. आत चरबीचा मऊ गाभा किंवा साकळलेलं रक्त आणि वर पातळसा पापुद्रा असेल, तर तुकडे सुटून थेट मेंदूत जाऊ शकतात.

मऊ प्लाक सोनोग्राफीत काळपट दिसतो, तंतुमय प्लाक उजळ. २००४च्या ‘इकारोस’ अभ्यासात ४१८ स्टेंटिंगमध्ये ही करडी छटा आकड्यात मोजली; आकडा जितका कमी, तितका प्लाक काळपट. २५ किंवा त्याहून कमी छटेच्या गटात ७.१ टक्के रुग्णांना स्ट्रोक आला, बाकीच्यांत १.५ टक्के. एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रात उलटं: प्लाकमध्ये झालेला ताजा रक्तस्राव पांढराशुभ्र चमकतो. (कडक म्हणजे बिनधोक असंही नाही. चुन्याचं (कॅल्शियमचं) पुरं कडं असलं, तर जाळी नीट उघडत नाही.)

रुळांकडेला दगड अडवायला जाळ्या लावतात, तशी स्टेंटच्या पुढे गाळणी उघडता येते. मात्र बहुतेकदा ती गाळणीही आधी त्याच ठिसूळ जागेतून न्यावी लागते. म्हणून काही वेळा रक्ताचा प्रवाह प्लाकच्या खालीच थोपवून काम करतात, किंवा मान उघडून प्लाकच काढून टाकतात.

मामांच्या एमआरआयमध्ये ती पांढरी चमक होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्टेंटचा विचार सोडला आणि त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया केली. कणकवलीच्या रिपोर्टवर फक्त ‘७५ टक्के’ होतं. तुम्ही घाट चढाल तेव्हा रिपोर्टबरोबर चित्रांची सीडीही न्या आणि विचारा: प्लाक मऊ आहे की कडक?