उच्च शिक्षणातली ॲप्रेंटिसशिप (पुणे परिसर)

कॉलेजची डिग्री चालू असतानाच, नाहीतर डिग्री हातात पडल्या पडल्या, एखाद्या कंपनीत किंवा ऑफिसात ठरलेल्या मुदतीसाठी स्टायपेंडवर राहून काम शिकायचं आणि ते शिकणं विद्यापीठानं किंवा सरकारनं अधिकृत धरायचं, याला उच्च शिक्षणातली ॲप्रेंटिसशिप म्हणतात. सरकारी कागदावर 'शिकाऊ उमेदवारी' असं लिहिलेलं असतं. पुण्यात ॲप्रेंटिस म्हटलं की बरीच वर्षं डोळ्यासमोर यायचा तो आयटीआय झालेला, फिटर नाहीतर टर्नर ट्रेडचा, पिंपरीच्या कारखान्यात लागलेला मुलगा. बीकॉम, बीए, बीएस्सीवाल्यांचा त्याच्याशी काही संबंध आहे असं घरच्यांनाही वाटायचं नाही आणि प्राध्यापकांना तर नाहीच नाही.

इंटर्नशिप आणि ॲप्रेंटिसशिप यात गल्लत फार होते. इंटर्नशिप म्हणजे कंपनी आणि कॉलेज यांच्यातली समजूत, स्टायपेंड मिळेल न मिळेल, दोन महिन्यांत लेटर घेऊन बाहेर. ॲप्रेंटिसशिपला मात्र १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा लागू असतो, करार लिहावा लागतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो, आणि किमान स्टायपेंड नियमानं ठरलेला असतो. ॲप्रेंटिस हा कायद्याच्या भाषेत कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. या एका वाक्यामुळं किती भानगडी होतात ते पुढं येईलच.

कायदा कसा कसा वाढला

१९६१ चा कायदा १ मार्च १९६२ पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमआयडीसी स्थापन झाली, म्हणजे पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा आणि हा कायदा जवळजवळ जोडीनंच मोठे झाले असं म्हणायला हरकत नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतंच, टेल्को (आताची टाटा मोटर्स) १९६६ मध्ये आली, आणि खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने तर इंग्रजांच्या काळापासूनचे. या मोठ्या कारखान्यांनी आयटीआयच्या पोरांना घडवलं, त्यातून सुपरवायझर झाले, काहींनी पुढं भोसरीत स्वतःची वर्कशॉप टाकली.

कॉलेजवाल्यांसाठी दार उघडलं ते १९७३ च्या दुरुस्तीत. तेव्हा इंजिनीअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमाधारक कायद्यात आले. १९८६ मध्ये बारावी व्होकेशनलवाले आले. बीए, बीकॉम, बीएस्सी अशा बिगर-इंजिनीअरिंग पदवीधरांना आत घ्यायला २०१४ साल उजाडावं लागलं. म्हणजे फर्ग्युसन, बीएमसीसी असली नावाजलेली कॉलेजं ज्या शहरात आहेत तिथल्या आर्ट्स-कॉमर्सच्या पोरांना कायद्यानं ॲप्रेंटिस व्हायची सोय कायदा आल्यावर पन्नासेक वर्षांनी झाली. तोपर्यंत "डिग्री घे, मग बघू" हाच सल्ला होता आणि घरोघरी अजूनही तोच चालतो.

२०१९ च्या नियमांप्रमाणं ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं आहेत, काँट्रॅक्टवरची धरून, तिला एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक. न घेतले तर? २०१४ च्या दुरुस्तीनं तुरुंगाची शिक्षा काढून टाकली आणि दंड ठेवला, जितके ॲप्रेंटिस कमी भरले त्यातल्या प्रत्येकामागं पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि नंतर १००० रुपये. पदवीधर ॲप्रेंटिसचा किमान स्टायपेंड याच्या कितीतरी पट आहे, तेव्हा हिशोबी मालकाला दंड भरणं स्वस्त पडतं, हे सांगायला सीए लागत नाही.

डिग्रीच्या नंतर आणि डिग्रीच्या आत

केंद्र सरकारच्या दोन योजना आहेत आणि नावं इतकी सारखी की पोरं चुकीच्या पोर्टलवर रजिस्टर करून बसतात. एनएटीएस (नॅशनल ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) ही शिक्षण मंत्रालयाची, डिग्री-डिप्लोमावाल्यांची, आपल्याकडं तिचा कारभार मुंबईच्या बोर्ड ऑफ ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडून चालतो. दुसरी एनएपीएस (नॅशनल ॲप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीम), ही कौशल्य विकास मंत्रालयाची, २०१६ पासूनची, आयटीआय आणि बाकीच्या ट्रेड्ससाठी. एनएटीएसमध्ये नेहमीचा मार्ग म्हणजे डिग्री झाल्यावर वर्षभर ॲप्रेंटिसशिप करायची आणि शेवटी बोर्डाचं प्रमाणपत्र घ्यायचं. यात कॉलेजचा संबंध जवळपास संपलेला असतो, मार्कशीट दिली की कॉलेज मोकळं.

नवीन प्रकार म्हणजे ॲप्रेंटिसशिप डिग्रीच्या आतच बसवायची. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, यासाठी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, मग एईडीपी (ॲप्रेंटिसशिप एम्बेडेड डिग्री प्रोग्रॅम) या नावानं त्या सुधारून आणल्या. तीन वर्षांच्या डिग्रीत किमान एक आणि जास्तीत जास्त तीन सेमिस्टर, चार वर्षांच्या डिग्रीत दोन ते चार सेमिस्टर विद्यार्थी कंपनीत, आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मिळणारे गुणांक, डिग्रीत मोजायचे. त्याआधी २०१४ पासून बीव्होक (बॅचलर ऑफ व्होकेशन) ही डिग्री आलीच होती, काम आणि अभ्यास जोडणारी, पण "ही नेमकी कसली डिग्री" हे मुलाखतीला समजावून सांगण्यातच पोरांचा वेळ गेला.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नवीन शैक्षणिक धोरणामुळं बहुतेकांच्या वाट्याला जे येतं ते ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. एमए, एमएस्सी, एमकॉमच्या पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचं ओजेटी नाहीतर फील्ड प्रोजेक्ट असतं. एका क्रेडिटला तीस तास धरले तर १२० तास झाले. रोज आठ तास काम केलं तर पंधरा दिवसांत संपलं! याला ॲप्रेंटिसशिप म्हणू नये, ही फार तर ओळखपरेड. तरी सेमिस्टर संपत आलं की सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत पोरं लेटरहेड असलेलं कुठलंही ऑफिस शोधत फिरतात, कोणाच्या मामाची ट्रॅव्हल एजन्सी, कोणाच्या काकांचं मेडिकल, आणि शिक्का मारलेला कागद लावून चार क्रेडिट घेतात. दोष पोरांचा कमी आहे, एका वर्गातल्या साठ जणांना जागा शोधून द्यायचं काम कुठल्या तरी एकाच मॅडमच्या गळ्यात मारलेलं असतं आणि त्यांचे तास काही कमी केलेले नसतात.

जे आधीपासून नीट चालतं

खरं तर उच्च शिक्षणात कामातून शिकवणं नवीन नाहीच. सीएची आर्टिकलशिप बघा. नोंदणी झालेल्या सीएच्या हाताखाली पूर्वी तीन वर्षं, २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षं. सकाळी सातचं कॉलेज करून दहा-अकरापर्यंत सायकल नाहीतर स्कूटी मारत टिळक रोडच्या नाहीतर डेक्कनच्या ऑफिसात पोचणारी, ऑडिटच्या सीझनला रात्री उशिरापर्यंत व्हाउचर तपासणारी मुलं-मुली पुण्यात पिढ्यान् पिढ्या आहेत. स्टायपेंड तुटपुंजा असतो, कामही सुरवातीला झेरॉक्स आणि टॅली एंट्रीचं असतं, तरी पद्धत टिकली. का टिकली, तर ज्याच्या हाताखाली शिकायचं तो प्रिन्सिपल स्वतः त्या व्यवसायातला आहे, त्याची सही असल्याशिवाय पुढं सरकता येत नाही, आणि परीक्षा घेणारी संस्था आणि ट्रेनिंगचे नियम करणारी संस्था एकच आहे.

एमबीबीएसचंही तेच. ससूनमध्ये बी. जे. मेडिकलचा मुलगा शेवटची परीक्षा पास झाला तरी वर्षभराची इंटर्नशिप झाल्याशिवाय त्याला डिग्री नाही, आणि तोवर नोंदणीही तात्पुरतीच. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, मग कम्युनिटी मेडिसिनची पोस्टिंग, सगळीकडं फिरून यायचं. इथं शिकवणारं कॉलेज आणि काम करायची जागा एकाच आवारात आहे.

उरलेल्या डिग्र्यांची गोची इथंच आहे. बीएस्सी केमिस्ट्रीचा मुलगा कुरकुंभच्या केमिकल प्लँटमध्ये असतो आणि त्याचे सर शिवाजीनगरला. कंपनीतला सुपरवायझर टार्गेटमध्ये अडकलेला, त्याला क्रेडिट म्हणजे काय ते कोणी सांगितलेलं नाही. सर कधी प्लँटवर गेलेले नाहीत, आणि जायचं ठरवलं तर जाण्यायेण्याचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा यावर ऑफिस अडतं. मग महिन्याच्या शेवटी लॉगबुक येतं, सर सही करतात. मार्क देणाऱ्यानं काम बघितलेलं नाही आणि काम बघणाऱ्याला मार्क द्यायचा अधिकार नाही, अशी ही व्यवस्था आहे, आणि ही सुधारल्याशिवाय तीन सेमिस्टर काय नि सहा सेमिस्टर काय, फरक पडणार नाही असं स्पष्ट मत आहे.

जर्मनीचं उदाहरण पुण्यात सारखं दिलं जातं कारण चाकण, रांजणगाव, भोसरी भागात जर्मन कंपन्या भरपूर. तिथं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात १९७४ मध्ये बेरुफ्सअकादमी, म्हणजे कंपनीतलं काम आणि वर्ग जोडणाऱ्या संस्था, सुरू झाल्या, २००९ मध्ये त्यांचं ड्युअल विद्यापीठ झालं. साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, असं आलटून पालटून तीन वर्षं, आणि पगार तिन्ही वर्षं चालू, वर्गात बसलेला असतानाही. पण आपल्याकडच्या भाषणांत एक गोष्ट राहून जाते. तिथं आधी कंपनी विद्यार्थी निवडते, करार होतो, मग विद्यापीठात प्रवेश. आपल्याकडं आधी मेरिट लिस्ट, कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेरी), फी, आणि मग पाचव्या सेमिस्टरला टीपीओ, म्हणजे कॉलेजचा ट्रेनिंग-प्लेसमेंट ऑफिसर, कंपन्यांना फोन लावत बसतो. कंपनीनं निवडलेला मुलगा आणि कंपनीवर सोडलेला मुलगा, दोघांना सारखी वागणूक कशी मिळेल?

पैसा, खोली, बस

२०१९ च्या नियमांनी पदवीधर ॲप्रेंटिसला महिना किमान ९००० आणि डिप्लोमावाल्याला ८००० रुपये ठरवले होते, एनएटीएसमध्ये यातला निम्मा भाग केंद्र सरकार देतं. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं सगळ्या प्रकारच्या ॲप्रेंटिसची ५००० ते ९००० ची रेंज ६८०० ते १२३०० करावी अशी शिफारस केली. किमान म्हणजे किमान, बऱ्या कंपन्या जास्त देतात, कँटीन आणि बस देतात.

बस ही पुण्यात चैन नाही, गरज आहे. नाशिक रोडनं चाकणला सकाळी स्वतःच्या गाडीवर जाऊन बघावं म्हणजे कळेल. लातूर, बीड, नांदेडकडनं आलेला मुलगा कॉट बेसिसवर राहतो, मेस लावतो, आणि फर्स्ट शिफ्ट असेल तर पहाटे पाचच्या सुमाराला स्टॉपवर उभा असतो. त्यात डिग्रीच्या आतली ॲप्रेंटिसशिप असेल तर कॉलेजची फीसुद्धा चालूच, वर्गात पाय न ठेवलेल्या सेमिस्टरची पूर्ण फी का, हा प्रश्न पोरं विचारतात आणि उत्तर कोणी देत नाही. घर पुण्यातच असलेल्याचा हाच स्टायपेंड खिशात राहतो. म्हणजे एकच योजना, पण कोथरूडच्या मुलाला ती संधी आणि उदगीरच्या मुलाला उसनवारी.

'कमवा आणि शिका' ही विद्यापीठाची योजना याच्याशी जोडली जाते ती मात्र वेगळी चीज आहे. तिचं मूळ कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत, १९१९ पासूनच्या परंपरेत. तिथं काम शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून असतं, लायब्ररीत, बागेत, ऑफिसात. त्यानं शेकडो पोरं शिकली याबद्दल वाद नाही, पण बागेला पाणी घालून इतिहासाची डिग्री मिळते, इतिहासातलं काम शिकायला मिळत नाही. राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना (बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १०००० रुपये महिना) हीसुद्धा शिक्षण झालेल्यांसाठी आहे, डिग्रीच्या क्रेडिटशी तिचा संबंध नाही.

नीम आणि त्याचा धडा

चाकण-रांजणगाव पट्ट्यात 'नीम ट्रेनी' हा शब्द ज्यानं ऐकला नाही असा कामगार सापडणार नाही. एआयसीटीईनं (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं) २०१३ मध्ये नीम (नॅशनल एम्प्लॉयबिलिटी एन्हान्समेंट मिशन) म्हणून योजना काढली, हेतू चांगला, शिकताना किंवा शिक्षण सुटलं असेल तरी कंपनीत ट्रेनिंग मिळावं. मध्ये एजन्सी, ट्रेनी एजन्सीच्या नावावर, काम कंपनीच्या लाइनवर. बऱ्याच ठिकाणी झालं असं की परमनंट माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी नीम ट्रेनी, तोही बदलत राहायचा, ट्रेनिंगच्या नावावर तेच चार बोल्ट आवळायचे. प्रशिक्षणार्थी असल्यामुळं कामगार कायदे नाहीत, युनियन नाही. कामगार संघटनांनी ओरड केली आणि पुढं एआयसीटीईनं योजनाच मागं घेतली. नव्या एईडीपीतही मध्यस्थ संस्था आहेतच, तेव्हा पुण्यातले जुने कामगार नेते या सगळ्याकडं संशयानं बघतात, आणि त्यांना प्रगतीविरोधी म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण त्यांनी ते डोळ्यांनी बघितलंय.

सही करण्याआधी

कराराला पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघायचं, नसेल तर ती ॲप्रेंटिसशिप नाही, मग लेटरवर काहीही लिहिलेलं असो. स्टायपेंड कोण देणार, कंपनी की एजन्सी, आणि बँकेत येणार का. कामावर अपघात झाला तर कायद्याच्या कलम १६ प्रमाणं नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची आहे, ॲप्रेंटिस कामगार नसला तरी, हे बऱ्याच पोरांना आणि त्यांच्या टीपीओलाही माहीत नसतं. परीक्षेच्या दिवसांची रजा, बॅकलॉग राहिला तर काय, मधेच कंपनीनं काढलं तर क्रेडिटचं काय, हे कॉलेजकडून लेखी घ्यावं. आणि नोकरीचं म्हणाल तर कलम २२ नुसार ॲप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही, करारातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. ॲप्रेंटिसमधून भरतीचं धोरण प्रत्येक मालकानं स्वतः ठरवायचं असं २०१४ पासून कायदा म्हणतो, तेव्हा इंटरव्ह्यूला एचआरला ते धोरण विचारायला लाजायचं कारण नाही.